खळवाडी उघडताना : पांझरेकाठच्या जुन्या गोठ्याच्या आणि माडीच्या कामाच्या नोंदी

गाव साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या खालच्या अंगाला, पांझरेच्या काठी. गावाबाहेर आमची खळवाडी आहे. बारा बैल मावतील असा गोठा, त्याला लागून धान्याची दुमजली माडी, समोर खळं, कडेला गाडीचं छप्पर, एक पेव (धान्य साठवायचं जमिनीतलं बळद) आणि मोटेची विहीर. माडीच्या मधल्या तुळईवर शके 1811 कोरलेलं आहे, म्हणजे 1889 सालचं काम. खानदेशात अशा खळवाड्या अजून पुष्कळ उभ्या आहेत, पण दर पावसाळ्यात त्यातली एखादी बसते आणि तिथं पत्र्याचं शेड येतं. आमची आम्ही दुरुस्त करून लोकांना पाहायला उघडली. हेच काम कुणी हाती घेणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी इथं उतरवतो आहे. आकडे खरे आहेत, कुठंही कमी करून लिहिलेले नाहीत.

8 डिसेंबर 2024

आधी कागद. खळवाडी गावठाणाच्या बाहेर, त्यामुळे ती सातबाऱ्यावर आहे आणि सातबाऱ्यावर चार भावांचे वारस आहेत. दोघं सुरतेला, एक नाशिकला. सगळ्यांची लेखी संमती घेतली, ती नोटरी केली. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या : खर्च कोण करणार, उत्पन्न आलं तर कसं वाटायचं, आणि उद्या कुणाला वाटणी हवी असेल तर माडी मधून कापायची नाही. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आहे. खानदेशातले जुने वाडे पावसानं पडण्याआधी वाटणीच्या भिंतीनं खचलेले मी पाहिले आहेत. मधे विटांची भिंत घातली की वरच्या तुळईचा भार भलत्याच जागी येतो.

बांधकाम संरक्षित स्मारक नाही, त्यामुळे दुरुस्तीला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागली नाही.

आज घरात बैठक झाली. पुतण्याचं म्हणणं, गोठा रिकामा करू, फरशी बसवू, भिंतीवर अवजारं टांगू. चुलते अप्पा ब्याऐंशी वर्षांचे. ते एवढंच म्हणाले, "बैल नहीत ते मंग गोठा कसाना?" त्यावर बराच वाद झाला आणि शेवटी ठरलं की बैल गोठ्यातच राहतील, दादर (रब्बी ज्वारी) खळ्यावरच येईल, माडीत धान्यच भरलं जाईल. लोकांनी यायचं ते कामाच्या जागेत. पुढचे सगळे निर्णय या एका निर्णयावरून झाले.

5 जानेवारी 2025

गोठ्याच्या मागच्या भिंतीला तीस-एक वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लास्टर मारलेलं होतं. खाली काळ्या दगडाचा चौथरा, वर दीड हात जाड मातीची भिंत. बाहेरून टणटणीत दिसत होती. एका कोपऱ्यात छिन्नी लावली तर प्लास्टरचा हातभर तुकडा सुटून आला आणि मागची माती ओली भुसभुशीत निघाली. कारण साधं आहे. जमिनीतली ओल दगडाच्या सांध्यांतून वर चढते. मातीचा लेप असेल तर ती हवेत उडून जाते. सिमेंटमधून तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून ती भिंतीतच राहते आणि आणखी वर चढते. तिच्याबरोबर आलेले क्षार तिथंच साठतात. कमरेएवढ्या उंचीवर लोणा लागलेला होता तो त्यामुळे.

सगळं सिमेंट काढायचं. हातोडा-छिन्नीनंच, ब्रेकर मशीन लावायचं नाही, त्याच्या धक्क्यानं मातीची भिंत उभी फाटते. मजुरी आणि राडारोडा वाहून नेणं धरून 38,000 रुपये गेले. काढल्यावर भिंत उघडी ठेवून वाळू दिली. लगेच लेप मारण्याचा मोह होतो, पण ओल्या भिंतीवरचा लेप पापुद्र्यासारखा सुटतो.

26 जानेवारी

लेपाच्या मातीचे छोटे नमुने करून पाहिले. शेतातली काळी माती घेतली तो लेप दोन दिवसांत भेगाळला. काळी पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, ती भिंतीला चालतच नाही. गावाच्या पांढरीची (जुन्या वस्तीच्या जागेची) माती, नदीची बारीक वाळू, गव्हाचा भुसा आणि शेण हे मिश्रण टिकलं. चिखल खड्ड्यात मुरू द्यावा लागतो, रोज तुडवावा लागतो. आठवडाभरानं त्याला आंबूस वास येतो आणि तो हाताला चिकट लागतो, तेव्हा तो तयार. हे प्रमाण मला कुठल्या तज्ज्ञानं सांगितलं नाही, आमच्या मोठ्या काकूंनी सांगितलं. सारवणाला येणाऱ्या बायकांना हे काम गवंड्यापेक्षा चांगलं येतं. त्यांना गवंड्याइतकीच मजुरी दिली, आणि ती द्यायलाच हवी.

चौथऱ्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला चुना हवा होता. बाजारातून पोत्यातला तयार भुकटी चुना आणला तो बसलाच नाही, आठवड्यानं बोटानं उकरला जात होता. भुकटी फार दिवस पोत्यात पडून राहिली की हवेनंच मरते. 6,500 रुपये वाया. मग भट्टीचा कळीचा चुना आणला, हौदात विरवला आणि महिनाभर पाण्याखाली ठेवून वापरला. कळी पाण्यात टाकताना चुना उकळतो आणि उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे घातल्याशिवाय कुणाला हौदाजवळ उभं करू नका. दोन्ही वेळचा मिळून चुन्याचा खर्च 21,000.

16 फेब्रुवारी

पेव. गाडीच्या छपराखाली फरशीचं झाकण होतं, ते कित्येक वर्षांत उचललेलं नव्हतं. तोंड अरुंद, खाली रांजणासारखं रुंद होत गेलेलं, खोली सुमारे अकरा फूट.

इथं थांबून लिहितो, कारण या बाबतीत घाई करून माणसं मेलेली आहेत. बंद पेवात धान्याचा किंवा ओल्या काडाचा अंश असला तरी बुरशी आणि किडे आतली हवा वापरून टाकतात. त्यातून होणारा वायू हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसून राहतो. उतरणारा माणूस ओरडायच्या आधी पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे, पण कंदील तेवला म्हणजे हवा चांगली असं समजू नका. आम्ही झाकण काढून दोन दिवस उघडं ठेवलं, फवारणीच्या पंख्याला पाईप जोडून तळापर्यंत ताजी हवा सोडली, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर तीन माणसं उभी केली. पंखा तो वर येईपर्यंत चालू होता.

आतून पेव सुरेख आहे. भिंतींना शेणमातीचा लेप, कडब्याच्या पेंढ्यांचे ठसे अजून दिसतात. पाहणाऱ्यांना आत उतरू द्यायचं नाही हे मात्र तिथंच ठरलं. तोंडावर जाड सळ्यांची जाळी पक्की केली आणि आत दिवा सोडला. वरून वाकून सगळं दिसतं. 9,000 रुपये.

9 मार्च

लाकूड. माडीच्या तुळया सागाच्या, मधल्या भागात आजही खिळा शिरत नाही. खराबी आहे ती टोकांना. भिंतीत घुसलेलं टोक ओल पितं, तिथं वाळवी येते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. सुतारानं प्रत्येक तुळईचं भिंतीलगतचं टोक हातोडीनं वाजवून आणि बारीक गिरमिटानं भोक पाडून तपासलं. तीन टोकं पोकळ निघाली.

पूर्ण तुळई बदलायची गरज नव्हती. कुजलेला भाग कापला, तेवढाच नवा तुकडा लांब तिरपा जोड देऊन बसवला, वरून लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट. नवं टोक भिंतीत बसवताना चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडली, म्हणजे हवा खेळते. लाकूड नव्यानं तोडलेलं घेतलं नाही. धुळ्याकडे मोडलेल्या वाड्यांचा जुना साग विकायला असतो, तो शंभर वर्षं वाळलेला असल्यामुळे पिळवटत नाही. घेताना पावती आणि वाहतुकीचा परवाना मागून घ्या, साग म्हटल्यावर रस्त्यात विचारणा होतेच. वाळवीसाठी बोरॅक्सचं द्रावण, त्यावर जवसाचं तेल. सुतार आणि लाकूड मिळून 1,46,000. दुरुस्तीतला हाच सगळ्यात मोठा खर्च.

6 एप्रिल

आता धाबं, म्हणजे माडीचं मातीचं सपाट छत. या कामाची मला सगळ्यात जास्त काळजी होती, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं तेही इथंच.

धाब्याची रचना अशी : तुळया, त्यावर आडव्या कड्या (बारीक वासे), त्यावर किलच्या (लाकडाच्या चिपा), त्यावर तुराट्या आणि निंबाचा पाला, मग माती, आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे ती पांढुरकी खारट माती, जिच्यावर गवत उगवत नाही. ओली झाली की तिचे कण पसरून छिद्रं बुजतात आणि पाणी खाली जात नाही. दर वर्षी आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर), पावसाच्या आधी, धाब्यावर नवी खारी टाकायची रीत आहे.

पण रीत दोन भागांची आहे. नवी टाकायची तर आधी जुनी खरवडायची. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत खरवडणं सुटलं आणि टाकणं चालू राहिलं. कडेला खणून पाहिलं तर मातीचा थर वीस इंच निघाला. मुळात तो सहा इंचांचा असावा. माडीचं धाबं 18 बाय 27 फूट. म्हणजे चौदा इंच जादा माती, साडेपाच ब्रासच्या वर, कोरडी असताना सुमारे 25 टन. पावसात त्याहून जड. हा सगळा भार तुळयांवर विनाकारण होता. जुनी धाबी "पावसानं पडली" असं आपण म्हणतो, त्यातली किती या साठलेल्या मातीनं पडली असतील याचा विचार करावा. तुमच्याकडे धाब्याचं घर असेल तर इतर काही करण्याआधी एका कोपऱ्यात थर मोजा.

माती काढण्याआधी खालून प्रत्येक खणात (दोन तुळयांमधल्या जागेत) बल्ल्यांचे टेकू दिले. एका बाजूनं सपाट काढत जायचं नाही. दोन्ही कडांनी थोडी थोडी, पातळ थरांत काढायची, नाहीतर तुळईवरचा भार एकाएकी एका बाजूला कलतो. घमेली खाली ओतायला पत्र्याची पन्हळ लावली. काढलेली माती टाकली नाही. चाळून त्यातली खारी वेगळी केली, तीच बहुतेक परत वापरली.

पुतण्याचा आणि एका ठेकेदाराचा आग्रह होता की वरून सिमेंटचा कोबा करून टाकू, दर वर्षीची कटकट नको. नाही केला. कोब्याला पहिली भेग पडली की पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही, किलच्या कुजतात, आणि छत खाली येईपर्यंत वरून काही दिसत नाही. खारीचं धाबं गळलं तर गळलेलं दिसतं आणि दोन घमेल्यांत बुजतं. आणि मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंश असताना माडीत दुपारी झोप लागते, ती याच मातीमुळे.

27 एप्रिल

खारीची पहिली ट्रॉली आली. अप्पांनी चिमूट तोंडात टाकली आणि थुंकली. मला म्हणाले, "जिभाऊ, हाई खारी नही शे, हाई ते नुसती माती शे." ट्रॉली परत. दुसऱ्या जागेची आणली. तपासायची सोपी रीत : मुठीएवढा गोळा करून त्याला खळगा पाडायचा, पाणी भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी तसंच असलं तर खारी.

उतार चार फुटांना एक इंच ठेवला. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर खारी धुऊन जाते.

24 मे

यंदा मे महिन्यातच पावसानं गाठलं. एरवी आमच्याकडे मृगापर्यंत धाब्याचं काम निवांत चालतं. या वेळी अर्ध्या धाब्यावर खारी पडली होती, ठोकून व्हायची होती, आणि चार-पाच दिवस लागोपाठ वळवाच्या सरी आल्या. ताडपत्र्या वाऱ्यानं उडाल्या. उत्तरेकडच्या दोन खणांतली ओली खारी पन्हाळीतून खळ्यात वाहून आली आणि तुराट्या भिजल्या. भिजलेल्या तुराट्या तशाच दाबून वर माती टाकली असती तर आत बुरशी धरली असती, म्हणून त्या दोन खणांचं सगळं उचकटून पुन्हा केलं. 17,000 रुपये जादा. धाब्याचा एकूण खर्च 92,000 झाला.

पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो : एका वेळी एकच खण उघडायचा, तो पूर्ण बंद करून मगच पुढचा. वेळ जास्त लागतो, पण नुकसान एका खणापुरतं राहतं.

13 जुलै

पाऊस चांगला. एका ठिकाणी गळलं, पन्हाळीच्या बुडाशी. पन्हाळ भिंतीबाहेर जेमतेम वीतभर होती, पाणी भिंतीवरच उडत होतं. ती दोन फूट लांबवली आणि खाली पाणी पडतं तिथं दगड मांडले. बाकी माडी कोरडी.

22 ऑगस्ट, पोळा

काल खांदेमळणी, आज पोळा. ठरवून कुणाला बोलावलं नव्हतं, पण शिंगं रंगवायला गावची पोरं गोठ्यात आली आणि तासन्‌तास थांबली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. एका मुलीनं विचारलं की गव्हाणीची कड अशी खोलगट का झाली आहे. सव्वाशे वर्षं बैलांच्या माना घासून झाली आहे. सुतार ती कड तासून सरळ करायला निघाला होता, मी थांबवलं होतं. ती तशीच राहिली याचा आज फार आनंद झाला.

28 सप्टेंबर

मोटेची विहीर. कठडा होता तो गुडघ्याएवढा. साडेतीन फुटांपर्यंत वाढवला, दगड आणि चुन्यात, आणि तोंडावर जाळी, मोटेपुरतं दार ठेवून. 54,000.

मोट चालती करून दाखवायची इच्छा होती. चामड्याची मोट आता शिवून मिळत नाही. माळ्यावर पत्र्याची जुनी मोट होती, तिला डाग दिला. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर नवे वळून घेतले. खरी अडचण बैलांची. मोट ओढताना बैल धावेवरून (विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून) खाली चालत जातात आणि मोट परत सोडताना त्यांना मागं मागं वर यावं लागतं. आजच्या बैलांना हे माहीतच नाही. गावात मोट हाकलेलं एकच म्हातारं माणूस आहे, ते रोज सकाळी येऊन रिकाम्या नाड्यावर बैलांना शिकवतात. सक्ती करायची नाही, बैल बिचकला की त्या दिवशी काम बंद.

19 ऑक्टोबर

माणसांसाठीच्या सोयी. दोन शौचालयं, त्यातलं एक चाकाच्या खुर्चीला पुरेल असं रुंद, पाण्याच्या टाकीसह 1,10,000. वीज सगळी नव्यानं : तारा बंद नळीतून, आणि धक्का जिवावर बेतायच्या आत प्रवाह तोडणारं 30 मिलीअँपिअरचं यंत्र. जुन्या लाकडाच्या आणि कडब्याच्या जागेत यात काटकसर नको. 43,000. गोठ्याच्या उंबऱ्याला बाराला एक उताराचा दगडी चढ, 12,000. विमा, फलक, अग्निशामक नळकांडी, नोंदणी वगैरे 26,000.

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालचं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. आम्ही केली. विमा त्याहून आधी घ्या, आणि तो घेताना जागेत जनावरं आहेत, विहीर आहे, हे स्पष्ट लिहून द्या.

16 नोव्हेंबर

चाचणीचा दिवस. जिल्हा परिषद शाळेची पोरं आणि शिक्षक, सगळे मिळून साठेक. आम्हाला वाटत होतं त्यातलं बरंच वेगळं घडलं.

माडीचा जिना उभा आणि अरुंद. वर जाणारे आणि खाली येणारे मधेच अडकले. आता एका वेळी दहाच जण वर जातात आणि ते खाली आल्याशिवाय पुढचे चढत नाहीत. दाराची चौकट साडेपाच फुटांची, दोन शिक्षकांची कपाळं आपटली. चौकट कापली नाही, तिला काथ्याची गादी बांधली आणि दारात एक माणूस उभा केला. बैल गर्दीनं अस्वस्थ झाले, म्हणून गव्हाणीपुढे बांबूचा आडवा दांडा आला, आणि दुपारी बारा ते तीन गोठा बंद.

फलक कुणी वाचले नाहीत. सगळे जण अप्पांभोवती बसले. ते पाणीवाटपाच्या फड पद्धतीचं सांगत होते : पांझरेवर एकाखाली एक बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी आणि राखणीला जागल्या. शेत कुणाचं का असेना, पाणी सोडायचं ते पाटकऱ्यानंच. पाण्याची खात्री होती म्हणून पिकाची होती, आणि पिकाची होती म्हणून एवढी मोठी माडी लागली. पोरांना माडी तेव्हा समजली. आता फेरी माडीपासून सुरू होत नाही. आधी पाटाच्या कडेनं चालत जायचं, मग खळं, मग गोठा, शेवटी माडी. फलक सात होते, तीन ठेवले, अहिराणीत आणि मराठीत. अप्पांचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायला सुरुवात केली आहे.

14 डिसेंबर 2025

आजपासून खळवाडी दर रविवारी उघडी.

एकूण खर्च 5,51,000. त्यातले इमारती वाचवायला 2,97,000 आणि माणसं सुखरूप आत घ्यायला 2,54,000. दुसरा आकडा आधी कुणी सांगत नाही. दुरुस्तीचा अंदाज काढाल तेव्हा जवळजवळ तेवढेच पैसे बाजूला धरा, नाहीतर दुरुस्त झालेली इमारत कुलूप लावून ठेवावी लागेल.

प्रवेश मोठ्यांना 50 रुपये, शाळांना मोफत. जेवण हवं असेल तर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, भरीत आणि ठेचा, आदल्या दिवशी सांगावं लागतं. यातून वर्षाच्या खारीचा, चाऱ्याचा आणि दोन माणसांच्या मजुरीचा खर्च निघावा एवढीच अपेक्षा आहे. भांडवल परत येईल असं धरून आम्ही हे केलेलं नाही, आणि तसं धरून कुणी करू नये.

दादर फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येईल. मधोमध मेढ (खांब) रोवून तिच्याभोवती बैलांची पात (रांग) मळणीला धरायची आहे. ते दिवस धान्य सांगेल तसे ठरतील, रविवार पाहून नाही. आणि खारीची ट्रॉली या वेळी एप्रिलच्या सुरुवातीसाठी आताच सांगून ठेवली आहे, आणताना अप्पा सोबत जाणार आहेत.